रविवारी एकच मूल

४ तारीख, सोमवार

दाजी,

नमस्कार नाही आणि विनंतीही नाही. विशेष तेवढं आहे. तुम्ही माझा नंबर ब्लॉक केलात म्हणून कागद घेतला. कागद ब्लॉक करता येत नाही. फाडता येतो, पण फाडायच्या आधी माणूस एकदा वाचतोच, हे मी कुरिअरच्या नोकरीत पाहिलंय. (ती नोकरी का सुटली ते ताईला विचारा, मीठमसाला लावून सांगेल. चूक कुत्र्याची होती.)

सध्या मी ताईकडे आहे. "दोन दिवस" म्हणून आलो होतो आणि ते दोन दिवस अजून संपले नाहीत, असं ती रोज सकाळी चहाचा कप माझ्यासमोर आपटून सांगते. तुम्ही घर सोडल्यानंतर मी पहिल्यांदाच इथे राहतोय. सोफा मोकळा आहे. तुमची तीच एक कृपा.

काल रविवार होता. तुम्ही खाली गाडी थांबवून हॉर्न वाजवलात. वर यायचं नाही, घंटी वाजवायची नाही, हॉर्न वाजवायचा. दूधवालासुद्धा दार वाजवतो हो. मास्तर धावत खाली गेला. तुमच्या मुलाला मास्तर हे नाव कोणी दिलं माहीत नाही, पण बरोबर दिलं. वय बारा आणि बोलणं निवृत्त हेडमास्तरांचं. पाठीवर बग्गीची, म्हणजे त्या रिमोटवरच्या शर्यतीच्या गाडीची, बॅग, हातात रिमोट. गेला.

आणि तुमची धाकटी, टिचकी, गॅलरीत उभी. पायात बूट, नाड्या बांधलेल्या, वर डबल गाठ.

"कुठे निघालीस गं?" मी विचारलं.

"कुठे नाही."

"मग बूट कशाला?"

"बाबाने आज म्हटलं तर."

तुम्ही म्हटलं नाहीत. गाडी कोपऱ्यावरून वळली. तिने बूट काढले, प्रत्येकात एकेक मोजा नीट कोंबला आणि कपाटाखाली सरकवले. रडली असती तर मी काही तरी विनोद केला असता. मला रडणाऱ्या मुलांशी बोलता येतं. न रडणाऱ्यांशी काय बोलायचं?

ताईला विचारलं तर म्हणाली, "त्याचं म्हणणं, ट्रॅकवर एका वेळी एकच मूल सांभाळता येतं. आणि टिचकीने मागे त्याची नवी बग्गी स्कूटरखाली घातली होती. तिला घाई फार, म्हणतो. तू मध्ये पडू नकोस."

मी मध्ये पडत नाहीये. मी बाजूने पडतोय.

नऊ वर्षांच्या पोरीने रिमोटची गाडी स्कूटरखाली घातली, तर गुन्हा स्कूटर तिथे लावणाऱ्याचा, मागून ओरडून तिला दचकवणाऱ्याचा, की पोरीचा? चोर सोडून संन्याशाला फाशी. माझं म्हणणं एका ओळीचं आहे. न्यायचं तर दोघांना न्या, नाही तर एकालाही नको.

जाता जाता: माळ्यावर तुमच्या सामानात एक जुनी बग्गी सापडली. डाव्या बाजूचा शॉक-अॅब्सॉर्बर गळतोय, स्टिअरिंगची मोटर जळलेली. मी ती घेतलीय. चोरी म्हणायची तर म्हणा. टाकून दिलेल्या वस्तूवर हक्क सांगणारा माणूस म्हणून तुमची आधीच ख्याती आहे.

तुमचा नाइलाजाने मेहुणा


१२ तारीख, मंगळवार

दाजी,

तुमचं उत्तर मिळालं. दोन ओळी. "माझ्या वस्तूंना हात लावू नकोस. तुला त्यातलं ओ की ठो कळत नाही." दोन ओळींसाठी एवढा मोठा लिफाफा वापरलात, ऑफिसचा दिसतो.

हात लावून झाला. आता नाव ठेवायला तुम्हाला भरपूर मिळणार आहे, म्हणून मीच सांगतो. शॉकमध्ये मी शिलाई मशिनचं तेल भरलं. ताईच्या मशिनच्या खणात होतं, पातळ, सोनेरी, बघूनच वाटतं याच्यासाठीच जन्माला आलंय. एका रात्रीत आतली रबरी चकती फुगून भोपळा झाली. मास्तर तुमच्याकडून आला, त्याने वास घेतला आणि कपाळावर हात मारला.

"मामा, सिलिकॉनचं तेल लागतं. हे रबर खातं."

"आधी सांगायचं ना."

"तू आधी विचारायचं ना."

तुमचंच पिल्लू. पण दुसऱ्या दिवशी शाळेतून येताना त्याने हॉबीच्या दुकानातून चकत्यांची पुडी आणि तेलाची बाटली आणली, स्वतःच्या पैशाने. हे त्याने तुम्हाला सांगितलं नसेल. सांगू नकोस असं त्याने मला सांगितलं नाही, म्हणून सांगतोय.

शॉक उघडणं टिचकीला जमतं. तिची बोटं बारीक आहेत, स्क्रू उचलायला चिमटा लागत नाही. तेल भरायचं, दांडा हळूहळू वरखाली करायचा म्हणजे बुडबुडे वर येतात, मग थांबायचं. बुडबुडे जाईपर्यंत झाकण लावायचं नाही. तुमची ती घाईवाली पोरगी, दाजी, स्वयंपाकघरातल्या टेबलावर हनुवटी टेकवून तेवढा वेळ बुडबुड्यांकडे बघत बसली होती. ताई म्हणाली, "जेवायला उठ." तर ही म्हणते, "थांब, अजून एक आहे. लाजतोय तो."

जळलेली मोटर काढून मी दुसऱ्या एका मोडक्या गाडीतली बसवली. ही मोडकी गाडी मी ज्याच्याकडून आणली तो पंखे दुरुस्त करतो. मी दुपारी त्याच्याकडेच असतो हल्ली, वाइंडिंग शिकतोय, म्हणजे तो करतो आणि मी बघतो. त्याचा एक सिद्धांत आहे की जगातले सगळे पंखे एकाच दिशेला फिरतात, त्यामुळे माणसं अशी झाली. असो. मोटर बसली. गाडी वळते.

पहिल्या दिवशी इमारतीच्या पाण्याच्या टाक्यांमागच्या मोकळ्या जागेत चालवली तेव्हा टिचकी म्हणाली, "मामा, ही तर..." जाऊ दे. ते तुम्हाला नाही सांगत. तिने काय साधलंय ते तुम्ही ट्रॅकवरच बघा आणि तोंडात बोट घाला. तुमच्या त्या बग्गीच्या क्लबातल्या कोणालाही ते जमणार नाही, लिहून देतो. हे बघा, दिलं लिहून.

दोघांना न्यायचं, याचं उत्तर त्या दोन ओळींत कुठे दिसलं नाही. लिफाफा उलटा करून झटकला. तिथेही नाही.


१९ तारीख, मंगळवार

दाजी,

मास्तरच्या हाती निरोप पाठवलात. मुलाला पोस्टमन केलात, वा. निरोप त्याने हेडमास्तरांच्या आवाजात उभं राहून दिला: "चोवीस तारखेला लहान मुलांची शर्यत आहे. टिचकीला घेऊन ये. पाच मिनिटं गाडी पळवून शर्यत पूर्ण केली, तर दर रविवारी तिलाही नेईन. नंबर नको, पूर्ण केली तरी पुरे. नाही केली, तर हा विषय पुन्हा काढायचा नाही."

स्वतःच्या पोरीला गाडीत बसवायला परीक्षा घेणारा बाप मी पहिल्यांदा पाहिला. मी पुष्कळ गावं फिरलोय, बोटीवर भांडी घासलीयत, रस्त्यावर पांढरे पट्टे मारलेत, नाना तऱ्हेचे बाप बघितलेत. दारू पिणारे, मारणारे, गायब होणारे. प्रवेशपरीक्षावाला नव्हता बघितला.

मी "जा म्हणावं खड्ड्यात" असं उत्तर देणार होतो. पण टिचकीने मास्तरला विचारलं, "पूर्ण म्हणजे किती वेळा उलटली तर चालतं?"

"कितीही. कोपऱ्यावर उभा असलेला माणूस सरळ करून देतो. गाडी मोडली तर संपलं."

"बस? मग जमेल."

झालं. होकार तिचा आहे, माझा नाही. मला तुमचं काहीच मान्य नाही.

त्यानंतर घरात दुसरा विषय नाही. संध्याकाळी तिघंही टाक्यांमागे असतो. आमचा ट्रॅक म्हणजे विटा, एक फुटका प्लास्टिकचा टब, आणि उडी मारायला प्लायवूडचा तुकडा. मास्तर रिंगणात उभा राहून सूचना देतो. "गॅस सोड! वळणाच्या आधी सोड, वळणात नाही!" ती सोडत नाही. गाडी टबात. "मी बोललो होतो." "तू नेहमीच बोलतोस." "कारण मी नेहमीच बरोबर असतो." "मग तू एकटाच खेळ." पाच मिनिटांनी दोघांची डोकी एकाच चाकावर वाकलेली. पुढचं टायर आतून गुळगुळीत झालं होतं, म्हणजे चाकं फार तिरकी बसलीयत, असं मास्तर म्हणाला. दोन्ही बाजूंचे दांडे अर्धा अर्धा आटा फिरवले. मागचा शॉक वरच्या भोकात लावला, तशी गाडी उडीवरून नाकावर पडायची ती चारी चाकांवर पडायला लागली. पहिल्यांदा पडली तेव्हा दोघांनी असा आरडाओरडा केला की वरच्या मजल्यावरच्या आजोबांनी खिडकी उघडून विचारलं, कोण गेलं?

तुम्ही त्या वेळी कुठे होतात? ऑफिसात, मोठ्या लिफाफ्यांमध्ये.

एक सांगतो, आणि हे टोमणा म्हणूनच सांगतो. मास्तर तुमच्याकडे रविवारी जातो तेव्हा तिथे तो गाडी चालवतो. इथे तो खेळतो. फरक तुम्हाला कळला तर कळवा.

चोवीसला भेटू. समोर आल्यावर मी बोलणार नाही; ताईने शपथ घातलीय.


२५ तारीख, सोमवार

दाजी,

काल शपथ पाळली. आज कागदावर शपथ लागू नाही.

मी टिचकीला शब्द दिलाय की तुम्हाला हे सांगणार नाही. म्हणून सांगत नाही, लिहितोय.

आधी तुमच्या आठवणीत काय आहे ते. सकाळी आम्ही बसने आलो. गोदामाच्या मागचा तो मातीचा ट्रॅक, पांढऱ्या पाइपांच्या कडा, गाड्या पळवणाऱ्यांसाठी लाकडी मचाण. तुम्ही तपासणीच्या टेबलावर. गळ्यात पट्टा, हातात मोजपट्टी, चेहऱ्यावर विमानतळावरच्या साहेबाचा भाव. प्रत्येक मूल गाडी नि रिमोट टेबलावर ठेवतं, तुम्ही वजन बघता, बॅटरी बघता, चाकं वळवून बघता आणि हिरवा कागद चिकटवता. टिचकीची गाडी आली. तुम्ही ती आपली जुनी गाडी ओळखलीत, मला दिसलं. शॉक दाबून बघितलात. भुवई वर गेली. चांगल्या अर्थी गेली हो, तेवढं मी मान्य करतो. मग मी पाणी आणायला गेलो.

परत आलो तेव्हा हिरवा कागद लागला होता आणि टिचकीचे कान लाल झाले होते. तुम्ही म्हणाला होतात म्हणे, "शॉक छान भरलेत."

शर्यत सुटली. सरळ पट्ट्यात ती तिसरी होती. पहिलं वळण उजवीकडे. आणि तिची गाडी, जगातली कुठलीही गाडी जाणार नाही अशी, डावीकडे वळून पूर्ण वेगात लाकडी फळीत घुसली. पुढचा दांडा मोडला, चाक लोंबायला लागलं. संपलं. पाच मिनिटांतलं अर्धं मिनिटही झालं नव्हतं.

तुम्ही मचाणाखाली आलात आणि तिच्या खांद्यावर हात ठेवून म्हणालात, "बघ. घाई. मी म्हणत होतो ना." आणि माझ्याकडे बघून, "विषय संपला."

आता तुम्हाला माहीत नसलेलं.

त्या पंखेवाल्याच्या गाडीतली मोटर उलट फिरते. रिमोटवरचं चाक डावीकडे फिरवलं की गाडी उजवीकडे जाते, उजवीकडे फिरवलं की डावीकडे. पहिल्या दिवशी टिचकी हेच म्हणाली होती, "मामा, ही तर उलटी वळते." मी म्हटलं, मग तूही उलटी वळव. तिने वळवली. पहिले दोन दिवस विटा, टब, माझी नडगी, सगळ्यांवर आदळली. मग तिच्या हातात बसलं. इतकं बसलं की मास्तरने चालवून बघितली तर त्याची गाडी भिंतीवर गेली आणि हिला हसू आवरेना. आपल्यापेक्षा हुशार भावाला न जमणारी गोष्ट आपल्याला जमते, हे त्या पोरीला आयुष्यात पहिल्यांदा कळत होतं. म्हणून आम्ही तिघांनी ठरवलं, बाबाला सांगायचं नाही. त्याला शर्यतीत बघू दे.

आणि तुम्ही टेबलावर चाकं वळवून बघितलीत, ती उलटी वळताना दिसली, आणि रिमोटच्या पोटाशी जे बारीकसं बटण असतं ते नखाने फिरवून सरळ केलंत. न विचारता. मास्तर शेजारी उभा होता, त्याने बघितलं. त्याला वाटलं, तुम्ही तिला सांगाल. तुम्हाला वाटलं, मूर्ख मामाची चूक आहे, निस्तरून टाकू. आणि तिला हातातल्या हातात दुसरीच गाडी मिळाली.

मास्तरने हे संध्याकाळी घरी सांगितलं. दारातच, बूट न काढता. मी तुम्हाला फोन करायला मोबाइल काढला, मग ब्लॉकचं आठवलं. टिचकी म्हणाली, "मला माहितीये."

"काय माहितीये?"

"बटण. पहिल्या वळणावरच कळलं. माझ्या गाडीला कोणी तरी सरळ केलं."

"मग ओरडली का नाहीस? तिथेच सांगायचं ना, बाबाने केलं म्हणून!"

ती मोडका दांडा टेबलावर जुळवून बघत होती. "बाबाने चांगल्यासाठीच केलं असणार. त्याला कळलं तर त्याला वाईट वाटेल. मग मला बघितलं की दर वेळी त्याला ते आठवेल. मग तो मला कधीच नेणार नाही."

दाजी, मी आठवीत शाळा सोडली, म्हणजे शाळेने मला. मला हिशेब येत नाही. पण हा हिशेब नऊ वर्षांच्या पोरीने मांडला आणि त्यात मला चूक सापडली नाही, याचा राग मला तिच्यावर नाही आला.

आणि अजून एक, कारण तुम्ही ते नक्की विसरला असाल. तुमच्या क्लबचा नियम आहे: जो शर्यतीत उतरला त्याने पुढच्या शर्यतीला कोपऱ्यावर उभं राहायचं आणि पालथ्या पडलेल्या गाड्या सरळ करायच्या. हरला, रडला, गाडी मोडली, तरी. पुढची शर्यत मोठ्यांची होती, तुमची. टिचकी गुडघ्यापर्यंत येणारं ते नारिंगी जाकीट घालून उडीपाशी उभी राहिली. तुमची बग्गी उडीवरून उलटी पडली, चाकं वर. तुम्ही मचाणावरून ओरडायला लागलात, "मार्शल! मार्शल! अरे कोण आहे तिकडे?"

मी दोरीमागून ओरडलो, "टिचके, राहू दे पालथी! पडू दे तशीच!"

तिने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. धावली, दोन्ही बाजूंनी येणाऱ्या गाड्या बघितल्या, तुमची गाडी सरळ केली, तोंड बरोबर दिशेला करून ठेवली, आणि मागे उडी मारली. तुम्ही पहिले आलात. खाली उतरून विचारलंत, "माझी गाडी कोणी उचलली? झकास उचलली." वजनकाट्यावरचे काका म्हणाले, "तुमच्याच पोरीने." तुम्ही म्हणालात, "अच्छा."

अच्छा!

मला तुमच्याकडून एकच गोष्ट हवी आहे. या रविवारी वर या, जिने चढून, आणि तिला तुमच्या तोंडाने सांगा की ते बटण तुम्ही फिरवलं.


२९ तारीख, शुक्रवार

दाजी,

तुम्ही ताईला फोन केलात. छान. मला लिहायची लाज वाटली, की टपाल तिकिटं संपली?

तिने मला स्वयंपाकघरात उभं केलं. "तू त्याला पत्रं लिहितोस? या जमान्यात? कोणाला विचारून?"

"तू म्हणालीस बोलू नकोस. मी बोललो नाही."

"दात काढू नकोस. तुला हात दाखवून अवलक्षण करायची सवयच आहे, पण या वेळी हात माझ्या पोरीचा आहे." मग तिने फोननंतर आलेला तुमचा लांबलचक मेसेज वाचून दाखवला, हळू आवाजात. दार लोटलेलं नव्हतं. मला ते दिसायला हवं होतं.

टिचकी पॅसेजमध्ये होती. तिने सगळं ऐकलं. तुम्हाला कळलंय, आणि कोणी कळवलंय, दोन्ही.

तेव्हापासून ती माझ्याशी बोलत नाही. रागावून आपटाआपट करत नाही, तसं असतं तर सोपं होतं. पाणी मागितलं तर आणून देते. "टाक्यांमागे येतेस?" तर "नको." मास्तर मध्यस्थी करायला गेला तर म्हणाली, "तू पण सांगितलंसच ना." बिचारा हेडमास्तर आल्या पावली परतला.

तर तुमचा मेसेज. तुम्ही म्हणता: मोटर उलटी बसवली तर रिमोटचं बटण फिरवायचं असतं, हे शेंबड्या पोरालाही कळतं, तुझ्या भावाला ते बटण असतं हेच माहीत नव्हतं, आणि त्याने अज्ञानाला कौशल्य म्हणून खपवलं. मला माहीत होतं. (मास्तरने दाखवल्यावर माहीत झालं, पण तो इथे मुद्दा नाही.)

तुम्ही म्हणता: पत्रं लिहीत होता, तर त्यात त्याने ही एक ओळ लिहायची होती. बटणाला मी हात लावला नसता.

याला माझ्याकडे तयार उत्तर होतं. दोन दिवस होतं. आज लिहायला बसलो तर ते सापडत नाहीये. मिळालं की पाठवीन.

पण गाडी तिची होती, टेबलासमोर ती उभी होती, हातभर अंतरावर. "ही उलटी का आहे गं?" एवढं विचारायला तुम्हाला माझं पत्र लागत होतं का? तुम्ही तिला कधी काही विचारत नाही. सरळ करून टाकता. ताईचंही तुम्ही हेच केलंत, आणि ती तुमच्यामुळे सरळ झाली नाही, तुमच्याशिवाय झाली.

हे पत्र जुन्या कुरिअरवाल्या मित्राच्या हाती देतोय, उद्या पोचेल. रविवारी या किंवा येऊ नका. आलात तर हॉर्न वाजवू नका. तिला हॉर्न ऐकला की बूट घालायची सवय आहे, आणि या वेळी ती घालेल की नाही ते मला बघायचं नाहीये.


३१ तारीख, रविवार, दुपार

दाजी,

तुम्ही आत्ताच गेलात. गाडी कोपऱ्यावरून वळली असेल-नसेल, मी लिहायला बसलो. तुम्हाला हे दोन-तीन दिवसांनी मिळेल तेव्हा तुम्ही म्हणाल, आता काय राहिलं याचं.

जिने चढून आलात. धापा टाकत होतात, वय झालंय तुमचं. ताईने दार उघडलं आणि "ये" म्हणाली नाही, "बूट बाहेर" म्हणाली. मला आवडलं. मी सोफ्यावर बसून राहिलो. खरं तर मी तुम्ही चुकाल याचीच वाट बघत होतो. तुम्ही "गैरसमज झाला" म्हणाल, किंवा "मामाने मला सांगितलं नाही," किंवा चॉकलेट काढाल खिशातून. मी तयार होतो.

तुम्ही जमिनीवर बसलात. पँट खराब होईल याचा विचार न करता. टिचकी टेबलापाशी उभी होती, नवा दांडा बसवलेली गाडी तिच्यासमोर.

"टिचके, रिमोटचं बटण मी फिरवलं. तुला विचारायला हवं होतं. तू घाई केली नव्हतीस."

एवढंच. पुढे 'पण' नाही. तुम्हाला 'पण' न लावता बोलता येतं हे मला माहीत नव्हतं.

तिने आधी माझ्याकडे बघितलं, मग तुमच्याकडे. "तुला वाईट वाटलं?"

"हो."

"अजून वाटतंय?"

"हो."

"किती दिवस वाटेल?"

"माहीत नाही. पण ते माझं मी बघीन. तू त्याच्यात पडायचं नाहीस."

हे कोणी शिकवलं तुम्हाला? ताईने नाही, तिचा चेहरा मी बघत होतो, तीही चकित होती.

मग तुम्ही रिमोट उचललात आणि म्हणालात, "तुला हवं असेल तर पुन्हा उलटं करून देतो. तसंच पळव. क्लबात मी बोलतो." टिचकीने तो तुमच्या हातातून घेतला. "माझं मी करते," म्हणाली. पाठ फिरवून केलं. कोणत्या बाजूला, ते मला दिसलं नाही, आणि तुम्हालाही दिसलं नाही. त्या वेळी आपण दोघं एकाच वेळी मान वाकडी करून बघत होतो, हे मला अजिबात आवडलेलं नाही.

मास्तरने दोन्ही बॅगा उचलल्या. तिने बूट घातले. ताई आत निघून गेली आणि नळ सोडला.

म्हणजे माझं म्हणणं तुम्ही मान्य केलंत. न्यायचं तर दोघांना. तुम्ही जिंकलात असं समजू नका. मीही जिंकलो असं म्हणत नाही. मला तुम्ही आजही आवडत नाही. चढून आलात म्हणून ते काही उतरत नाही. तिला बसमध्ये आणि गाडीत मागे बसलं की मळमळतं, खिडकी थोडी उघडी ठेवा. शॉकचं तेल तिला भरू द्या, मास्तरला नाही. त्याला नुसतं खेळू द्या.

पंखेवाल्याचा एक भाऊ ट्रक चालवतो, त्याला सोबत माणूस हवाय, लांबच्या फेरीला. उद्या निघतो मी. ताई म्हणाली, "जेवून जा," म्हणजे जा.

आणि एक. तुम्ही तिघं जिन्यात होतात तेव्हा टिचकी अर्ध्यातून परत आली. मला वाटलं, काही विसरली. दारात उभी राहिली.

"मामा."

"बोल गं."

"तू मला शब्द दिला होतास."

"टिचके, मी नसतं लिहिलं तर तो आला असता का आज?"

तिने यावर खरंच विचार केला. तोंड वाकडं करून, शॉकमधला बुडबुडा बघते तसं. "नसता आला," म्हणाली. "पण आता मी तुला काही सांगणार नाही."

आणि गेली. जिन्यात तुम्ही काही तरी विचारलंत, ती काही तरी म्हणाली, तुम्ही हसलात. काय ते मला ऐकू आलं नाही.

ती यापुढे तुम्हाला सांगेल, दाजी. शाळेतलं, ट्रॅकवरचं, रात्री कशाची भीती वाटते ते. तिला सांगायला कोणी तरी लागतं. ती सगळ्यांना सांगत नाही, आणि मी आता त्यात नाही. जे काय सांगेल ते नीट ऐका.

आणि ते मला लिहू नका.